मागील पानावरून पुढे

(शाळेच्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "निवृत्तीनंतर नवीन काय केलंस, त्यावर पंधरा मिनिटं बोल." बाकीच्यांचे विषय कसे छान आहेत! कुणी नर्मदा परिक्रमा केली, कुणी सेंद्रिय गूळ काढतंय, कुणी नातवंडं सांभाळतंय. माझा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला तेव्हा दोघांचे फोन आले. हा शब्द छपाईत काही चुकून पडला आहे का, असं त्यांना विचारायचं होतं. नाही, चुकून पडलेला नाही. मी खरोखरच ब्लॉकचेन आणि विकेंद्रित वित्तव्यवहार, म्हणजे ज्याला हल्लीची मुलं 'डीफाय' म्हणतात, त्याचा अभ्यासक्रम घरी बसून ऑनलाइन पूर्ण केला. घाबरू नका, फळ्यावर काही लिहून दाखवणार नाही.

तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे की मी ३६ वर्षं एका सहकारी बँकेत होते. १९८५ साली लागले तेव्हा रोजकीर्द हातानं लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची आणि संध्याकाळी तेरीज जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. पाच पैशांचा फरक राहिला तरी दिवे लागायचे. पुढे संगणक आले, शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि मी २०२१ मध्ये निवृत्त झाले. वाटलं होतं, हिशेबाशी असलेलं नातं संपलं.

२०२२ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातल्या बचत गटाच्या बायका घरी आल्या. मी त्यांची वही तपासून देते. गटाच्या खात्यात एक लाख ऐंशी हजार जमले होते. एक तरुण एजंट त्यांच्याकडे आला होता. मोबाइलवरचं एक अॅप दाखवून तो सांगत होता, रोज एक टक्का परतावा, पैसे 'ब्लॉकचेनवर' असतात म्हणून शंभर टक्के सुरक्षित. बायका म्हणाल्या, "ताई, तुम्ही बँकेतल्या. हो म्हणा की नाही म्हणा."

मी म्हटलं, नाही. रोज एक टक्का चक्रवाढीनं गेला तर एक लाखाचे वर्षात जवळपास ३७ लाख ७८ हजार होतात. हे गणित आपल्याला सरांनी आठवी-नववीत शिकवलं आहे, त्याला ब्लॉकचेन लागत नाही. पण तो मुलगा हसून म्हणाला, "मावशी, तुमचं जुनं बँकिंग. हे नवीन आहे, तुम्हाला कळायचं नाही." आणि बायकांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना त्याचं म्हणणं पटतंय. माझं 'नाही' बरोबर असेल, पण त्याच्यामागे उभं राहायला माझ्याकडे शब्द नव्हते. गटाच्या अध्यक्षीणबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, "ताईंना शिकून येऊ दे. तोवर पैसे खात्यातच राहतील." झालं! म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये माझ्या अभ्यासावर थांबले.

आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था मिळून एनपीटीईएल नावाचा उपक्रम चालवतात. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर शुल्क. त्यात आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा 'ब्लॉकचेन अँड इट्स अॅप्लिकेशन्स' हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. जानेवारी २०२३ मध्ये मी नाव घातलं. तो संपल्यावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे प्राध्यापक कॅम्पबेल हार्वे यांचा डीफायवरचा चार भागांचा अभ्यासक्रम कोर्सेरावर केला. सगळं इंग्रजीतून. पहिल्या आठवड्यात एकेक तास मी तीन-तीनदा ऐकत होते. इंग्रजीच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते. "लांब वाक्य आलं की आधी क्रियापद शोधा," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

अवघड काय होतं ते सांगते, कारण सोपं होतं असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.

पहिलं अवघड प्रकरण गुप्तलेखनाचं. पण त्याच्या मुळाशी काय निघालं? बाकी! भागाकारात उरते ती. ३ चे घात घेत जा आणि प्रत्येकाला ७ ने भागा. बाकी उरते ३, २, ६, ४, ५, १. नुसती बाकी पाहून घात कितवा होता ते ओळखायचं. ७ सारख्या लहान आकड्याला ते जमतं. शेकडो आकडी संख्या घेतली तर पुढे जाणं क्षणाचं आणि मागे येणं जगातल्या संगणकांनाही न झेपणारं. कुलूप लावायला सोपं आणि किल्लीशिवाय उघडायला अशक्य, अशा गणितांवर हा सगळा डोलारा उभा आहे. सर, तुम्ही म्हणायचात की बाकी टाकून देऊ नका, तिलाही किंमत असते. ती किंमत मला ५९ व्या वर्षी कळली.

दुसरं प्रकरण 'हॅश'. कुठलाही मजकूर, मग ती एक ओळ असो की अख्खं पुस्तक, एका ठरावीक पद्धतीतून काढला की ६४ अंक-अक्षरांची एक खूण तयार होते. मजकुरातला एक काना बदला, खूण पूर्ण बदलते. आता आपल्या खतावणीचं पान आठवा. पानाच्या डोक्यावर आपण काय लिहायचो? 'मागील पानावरून आणलेली बाकी'. ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पूर्ण पानाची ही खूण लिहिलेली असते. म्हणून कुणी दहा पानांमागची एक नोंद गुपचूप खोडली, तर त्या पानाची खूण बदलते, म्हणून पुढच्याची, त्याच्या पुढच्याची, अशी शेवटपर्यंत सगळी पानं बोंब ठोकतात. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. ३६ वर्षं जी बाकी मी पुढे ओढत होते, तिचीच ही नात!

ही कल्पना बिटकॉइनच्याही आधीची. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर तारखेचा न पुसणारा शिक्का कसा मारावा यावर लिहिलं आणि १९९५ पासून अशी खूण न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापली जाऊ लागली. हजारो घरांत गेलेला अंक परत कोण बदलणार? ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावानं नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. ती वही एका बँकेत नसते. हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती असतात आणि साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं.

आता प्रश्न असा, की इतक्या प्रती ठेवणाऱ्यांचं एकमत कसं करायचं? त्यांच्यात लबाडही असणारच. इथे सेनापतींचं कोडं येतं. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज या तिघांनी १९८२ मध्ये ते मांडलं. वेढा घातलेल्या सेनापतींनी निरोप्यांकडून ठरवायचं आहे, हल्ला की माघार. त्यांच्यात एक फितूर असेल तर तिघांनी भागत नाही, किमान चार लागतात. दोन फितूर असतील तर सात. हे सिद्ध करताना मी स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडून बसले होते. फितूर म्हणून तिखटाची वाटी ठेवली होती. आमच्या घरी अजून त्यावरून माझी थट्टा होते.

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परीक्षा होती. दारावरचा मुलगा म्हणाला, "पालकांना आत सोडत नाही." मी प्रवेशपत्र दाखवलं. संगणकासमोर बसले. शेजारी नातवाच्या वयाची मुलं. एकूण ६४ गुण मिळाले. टाळ्या नकोत, दहावीला आपल्यातल्या कित्येकांना यापेक्षा जास्त होते.

डीफाय मात्र वेगळीच गोष्ट निघाली. २०१५ मध्ये इथेरियम सुरू झालं, तेव्हापासून या वहीत नुसत्या नोंदीच नाहीत तर नियमही लिहिता येऊ लागले. अट पुरी झाली की व्यवहार आपोआप होतो. मधे साहेब नाही, शिपाई नाही, जेवणाची सुट्टी नाही. त्यात पैसे बदलण्याची एक युक्ती मला फार आवडली. एका कोठारात १००० किलो ज्वारी आणि ४०,००० रुपये ठेवा. नियम एकच, दोन्ही आकड्यांचा गुणाकार चार कोटीच राहिला पाहिजे. सुरुवातीचा भाव ४० रुपये. तुम्ही २०० किलो उचललीत, ८०० उरली, तर कोठारात ५०,००० रुपये असले पाहिजेत. म्हणजे तुम्ही १०,००० मोजायचे आणि ज्वारी पडली ५० रुपये किलोनं. जितकी जास्त उचलाल तितकी महाग. दलाल नाही, लिलाव नाही, एक गुणाकार! २०१८ मध्ये सुरू झालेला युनिस्वॉप हा बाजार याच नियमावर चालू झाला.

कर्जाचं प्रकरण शिकताना मात्र माझ्यातली बँकवाली जागी झाली. तिथे शंभराचं कर्ज हवं तर दीडशेचं वगैरे तारण आधी ठेवायचं. तारणाचा भाव ठरलेल्या रेषेखाली गेला की ते आपोआप विकलं जातं. नोटीस नाही, मुदत नाही. आमच्या बँकेत सोनं गहाण ठेवलेला माणूस येऊन सांगायचा, ऊस गेलाय, बिल यायचंय, महिनाभर थांबा. साहेब कधी थांबायचे, कधी नाही. थांबण्यात वशिलाही चालायचा, हे मी नाकारत नाही. लिहिलेल्या नियमाला वशिला कळत नाही, हा त्याचा गुण. त्याला ऊस गेलाय हेही कळत नाही. १२ मार्च २०२० रोजी करोनाच्या भीतीनं बाजार कोसळला, तेव्हा मेकरडाओ या व्यवस्थेत तारणांचे लिलाव निघाले, जाळ्यावर गर्दी झाली आणि काही लिलावांत शून्य किमतीला बोली लावणाऱ्यांना माल मिळाला. नियम तंतोतंत पाळला गेला होता.

आणि मे २०२२ मध्ये टेरा नावाच्या साखळीवरचं नाणं काही दिवसांत मातीमोल झालं. त्या नाण्याची किंमत कायम एक डॉलर राहील असं सांगितलं जात होतं आणि ते ठेवलं तर वर्षाला सुमारे २० टक्के व्याज मिळत होतं. तिथे वही उघडी होती, कुणीही वाचू शकत होतं. तरी जगभर माणसं बुडाली, कारण व्याज कुठून येतंय हा प्रश्न पुरेशा लोकांनी पुरेसा लवकर विचारला नाही.

म्हणजे या सगळ्यातून माझ्या हाती काय लागलं? दोन गोष्टी. वही कुणाच्या हातात आहे आणि ती कोण तपासू शकतं, हा पहिला प्रश्न. ब्लॉकचेननं तो फार चांगला सोडवला आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वहीत लिहिलेलं खरं आहे का, हा दुसरा प्रश्न तिथेच राहतो. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले अशा साखळीशी जोडून देण्याचा प्रयोग झाला. चांगलं काम आहे. दाखल्यात कुणी नंतर खाडाखोड केली तर लगेच उघडं पडेल. पण पहिली नोंद खरी असण्यासाठी टेबलामागचा माणूसच खरा लागतो. विश्वास नाहीसा होत नाही, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. तो कुठे जाऊन बसलाय ते शोधायचं, एवढंच आपल्या हातात.

मे महिन्यात बायकांनी त्या एजंटला परत बोलावलं. मी चार प्रश्न विचारले. ही नोंद कुठल्या साखळीवर आहे, आणि ती मला तुझ्या अॅपच्या बाहेरून पाहता येईल का? किल्ली कुणाकडे, आमच्याकडे की तुमच्या कंपनीकडे? परताव्याचा पैसा कोण देतं, कशाबद्दल देतं? आणि पैसे काढायचे तर कुणाची परवानगी लागते? पहिल्या प्रश्नालाच तो म्हणाला, "वरच्या सरांना विचारून सांगतो." तिथे ब्लॉकचेन नव्हतीच. अॅपवर आकडे वाढताना दिसत होते, तेवढेच. ज्या एकहाती वहीवर इलाज म्हणून हे तंत्र जन्माला आलं, तसलीच एकहाती वही त्या नावाखाली विकली जात होती. एजंट परत आला नाही. गटाचे पैसे खात्यात राहिले आणि पावसाळ्यापूर्वी दोघींना शिलाई मशीनसाठी कर्जाऊ दिले.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण आमच्याच आळीतले एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांनी त्या अॅपमध्ये ग्रॅच्युइटीचे पैसे आधीच घातले होते. जूनमध्ये अॅप बंद पडलं. मला हे सप्टेंबरात कळलं, तेही त्यांच्या सुनेकडून. तीन महिने त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. कट्ट्यावर येणं बंद, देवळात जाणं बंद. मी गेले तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे सुटे पैसे चोख दिले, आणि माझेच मला मोजता आले नाहीत." मी त्यांना माझा कोर्स सांगायला गेले नाही. दोघं मिळून तक्रार लिहिली. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. तीन महिन्यांनी ती फार कमी उरते. त्यांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. ते कट्ट्यावर यायला लागलेत.

मित्रमैत्रिणींनो, हे आज इथे का सांगते? कारण आपली सगळी तुकडी याच वयाची आहे. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, विकलेल्या तुकड्याचे पैसे, हे आत्ता आपल्याच हातात आहेत आणि ते मागणारे आपल्याच दारात येतात. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, आभासी चलनाला तसं काही नाही. त्याच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. सरकार कर घेतं म्हणजे सरकारनं हमी दिली, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया वेगळा. सामान्य लोकांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तो रुपयाच आहे, त्यावर कुणी परतावा देत असेल तर तो खोटं बोलतोय. आणि स्वतःची किल्ली स्वतः सांभाळायची असेल, तर ती बारा किंवा चोवीस शब्दांची असते. ती हरवली तर दुय्यम प्रत देणारी शाखा जगात कुठेही नाही.

एवढं करूनही समजा कुणाचे पैसे गेले, तर लपवू नका. फसवणाऱ्याचा धंदा आपल्या लाजेवर चालतो. आज या सभागृहात कुणी तसं मनात घेऊन बसलं असेल, तर जेवणाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसा. मी कुणाला सांगणार नाही, आणि हसणार तर मुळीच नाही. ज्यांना हे शिकायचं आहे, त्यांच्यासाठी माझ्या दोन वह्या मराठीत लिहिलेल्या आहेत. त्यांच्या छायाप्रती मी शाळेच्या ग्रंथालयाला आज देते आहे. नववी-दहावीच्या मुलांनी त्या वाचाव्यात, आणि मी कुठे अडखळले आहे ते मला येऊन सांगावं, अशी बाईंना आणि सरांना विनंती.